जुन्या गेमिंग संगणकाचे अद्ययावतीकरण

जुन्या गेमिंग संगणकाचे अद्ययावतीकरण म्हणजे काही वर्षे वापरात असलेल्या, खेळांसाठी जुळवलेल्या संगणकाचे निवडक भाग बदलून त्याची क्षमता नव्या खेळांच्या गरजेपर्यंत नेणे. व्यवहारात यासाठी 'अपग्रेड' हाच शब्द रूढ आहे. संपूर्ण नवा संगणक घेण्यापेक्षा हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो; मात्र तो प्रत्येक संगणकासाठी सारखाच खुला नसतो. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी हे तीन भाग एकमेकांशी इतके बांधलेले असतात की एक बदलायला गेल्यास कधी कधी तिन्ही बदलावे लागतात. याउलट ग्राफिक्स कार्ड, साठवण, वीजपुरवठा आणि पेटी हे भाग अनेक पिढ्या ओलांडून वापरता येतात. १९९५ साली इंटेलने मांडलेले एटीएक्स हे पेटी व वीजपुरवठ्याचे मानक आणि २००३ पासूनचे पीसीआय एक्सप्रेस हे कार्डांच्या जोडणीचे मानक यांमुळे हे शक्य झाले आहे.

हा लेख डेस्कटॉप संगणकांविषयी आहे. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बहुधा मदरबोर्डावरच डाख देऊन बसवलेल्या असतात. त्यामुळे तेथे मेमरी व साठवण यांपलीकडे फारसे काही बदलता येत नाही.

मर्यादक घटक ओळखणे

खेळ चालू असताना पडद्यावर उमटणारे प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोन टप्प्यांत तयार होते. प्रोसेसर प्रथम खेळातील जगाची स्थिती ठरवतो: पात्रे कोठे आहेत, गोळी कोणाला लागली, कोणत्या वस्तू नजरेच्या टप्प्यात आहेत. मग तो रेखाटनाच्या सूचना ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतो आणि ते कार्ड प्रत्येक बिंदूचा रंग काढते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करत असताना ग्राफिक्स कार्ड आधीची फ्रेम रंगवत असते. म्हणून दोघांपैकी जो हळू, त्याचाच वेग संपूर्ण संगणकाचा वेग ठरतो. प्रोसेसरला एका फ्रेमसाठी २२ मिलिसेकंद लागत असतील, तर कितीही महाग ग्राफिक्स कार्ड बसवले तरी सेकंदाला ४५च्या आसपासच फ्रेम मिळतील. मर्यादित पैशांत केलेल्या खरेदीचा अपेक्षाभंग होतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

मर्यादक घटक कोणता, हे ओळखण्याची एक बिनखर्चाची चाचणी आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचे रेझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणावे. बिंदूंची संख्या २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर येते, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहते. फ्रेमची संख्या लक्षणीय वाढली तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे. ती जेथल्या तेथे राहिली, तर नवे कार्ड घेऊन उपयोग नाही. चाचणी आपण प्रत्यक्ष खेळतो त्याच खेळावर आणि त्यातील गर्दीच्या प्रसंगी करावी. शहरे वसवण्याचे व व्यूहरचनेचे खेळ प्रोसेसरवर भार टाकतात, तर देखण्या, एकट्याने खेळायच्या साहसकथा ग्राफिक्स कार्डावर.

टास्क मॅनेजरमधील आकडे वाचताना मात्र सावध राहावे लागते. बारा थ्रेडचा प्रोसेसर एकूण ३० टक्केच वापरात दिसत असला तरी तो अडथळा असू शकतो. खेळाचा मुख्य धागा एकाच गाभ्यावर चालतो; तो गाभा पूर्ण भरलेला आणि बाकीचे मोकळे असतील तर सरासरी कमीच दिसणार. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर मर्यादा कार्डाची; ६० किंवा ७० टक्क्यांभोवती घुटमळत असेल आणि फ्रेमच्या संख्येवर सेटिंगमधून मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत आहे.

फ्रेमची सरासरी चांगली असूनही खेळ मध्येच अडखळत असेल, तर दोष वेगळा असतो. मेमरी भरली की विंडोज तिच्यातील काही भाग डिस्कवर हलवते. ही डिस्क फिरत्या तबकडीची असली, तर प्रत्येक हलवाहलव पडद्यावर झटक्यासारखी जाणवते. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी अपुरी पडली तरी असेच घडते. पहिल्या प्रकारचे अडखळणे मेमरीची एक पट्टी वाढवून बरे होते, पण अनेकदा त्यासाठी नवे ग्राफिक्स कार्ड घेतले जाते.

खर्चाआधी पाहण्याच्या आणखी दोन साध्या गोष्टी आहेत. ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या खाचेत जोडलेली असणे, आणि १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्‌झवरच राहिलेला असणे, हे दोन्ही प्रकार वाटते त्याहून अधिक आढळतात.

सॉकेट आणि २०१७ सालचे दोन संगणक

अद्ययावतीकरणाची शक्यता संगणक विकत घेतला त्याच दिवशी बऱ्याच अंशी ठरलेली असते. २०१७ साली मध्यम किमतीत जुळवता येणाऱ्या दोन संगणकांची तुलना यासाठी उद्‌बोधक आहे. पहिल्यात इंटेलचा कोअर आय५-७४०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर, दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ १६०० हा सहा गाभ्यांचा व बारा थ्रेडचा. दोन्हींत ८ गिगाबाइट डीडीआर४ मेमरी, १ टेराबाइटची हार्ड डिस्क आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे असे धरू. या कार्डासह त्या वेळच्या बहुतेक खेळांत दोघांमध्ये जाणवण्यासारखा फरक नव्हता, कारण दोघांनाही कार्डच थोपवून धरत होते. पुढील काळात मात्र त्यांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या.

इंटेलचा एलजीए ११५१ हा सॉकेट २०१५ साली सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांसोबत आला आणि जानेवारी २०१७ मध्ये सातवी पिढी त्याच सॉकेटवर आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या 'कॉफी लेक' या आठव्या पिढीच्या प्रोसेसरांनाही ११५१च संपर्कबिंदू होते. तरीही त्यांच्यासाठी ३०० मालिकेच्या चिपसेटचा नवा मदरबोर्ड सक्तीचा होता. वाढलेल्या गाभ्यांसाठी वीजपुरवठ्याची मांडणी बदलल्याचे कारण इंटेलने दिले. काही हौशी तंत्रज्ञांनी बायोसमध्ये फेरफार करून हे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले, पण तो सर्वसाधारण ग्राहकाचा मार्ग नव्हे. परिणामी पहिल्या संगणकाच्या मालकाला त्याच बोर्डावर जास्तीत जास्त कोअर आय७-७७०० किंवा ७७०० के, म्हणजे चारच गाभे आणि आठ थ्रेड, एवढीच मजल गाठता येते. एखाद्या सॉकेटवरचा हा शेवटचा, सर्वांत वरचा प्रोसेसर जुन्या बाजारातही कामगिरीच्या मानाने महागच राहतो, कारण त्या सॉकेटवर अडकलेले सगळे मालक त्याच एका चिपच्या मागे असतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो व्यवहार होतो.

एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ साली आला आणि मार्च २०१७ पासून रायझन प्रोसेसर त्यावर मिळू लागले. पुढे 'झेन ३' रचनेच्या प्रोसेसरांच्या वेळी हाही मार्ग बंद होण्याची वेळ आली होती. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केले की हे प्रोसेसर ५०० मालिकेच्या चिपसेटवरच चालतील; अनेक जुन्या बोर्डांवरील बायोसची चिप १६ मेगाबाइटचीच असल्याने सर्व प्रोसेसरांची माहिती तीत मावत नाही, हे त्यामागचे एक कारण सांगण्यात आले. ४०० मालिकेचे बोर्ड भविष्याचा विचार करून घेतलेल्या ग्राहकांनी तीव्र नापसंती व्यक्त केली आणि काही आठवड्यांतच कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ साली तर ए३२०, बी३५० आणि एक्स३७० या सर्वांत जुन्या चिपसेटनाही हा पाठिंबा मिळाला. त्यामुळे दुसऱ्या संगणकाच्या मालकाला २०१७ च्याच बोर्डावर, त्याच मेमरीसह, एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० बसवता येतो. खर्च एका चिपचा आणि काम अर्ध्या तासाचे.

याच महिन्यात आलेल्या रायझन ७ ५८०० एक्स३डी या प्रोसेसरने एएम४चे आयुष्य आणखी वाढवले. प्रोसेसरच्या चकतीवर कॅशेचा दुसरा थर चढवून त्याची तिसऱ्या पातळीची कॅशे ३२ वरून ९६ मेगाबाइट केली आहे. खेळांमध्ये प्रोसेसरचा बराच वेळ मुख्य मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहण्यात जातो. ती माहिती चिपवरच सापडली की हा वेळ वाचतो. याचा लाभ संथ मेमरी असलेल्या जुन्या संगणकाला विशेष होतो. २०२४ साली आलेला ५७०० एक्स३डी हा त्याचाच किंचित कमी वेगाचा भाऊ. स्वस्तातला रायझन ५ ५५०० मात्र नावावरून वाटतो तितका ५६०० च्या जवळचा नाही: त्याची कॅशे निम्मी, १६ मेगाबाइट, आहे आणि तो पीसीआय एक्सप्रेसची तिसरी आवृत्तीच पुरवतो.

प्रोसेसर बदलण्यापूर्वी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावे लागते. नवा बसवल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर हे पाऊल राहून गेलेले असण्याची शक्यता सर्वाधिक. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. ज्या भागांत भारनियमन किंवा विजेचा लपंडाव असतो तेथे हे काम यूपीएसवरच करावे. बोर्डाच्या निर्मात्याने आपल्या संकेतस्थळावर दिलेली प्रोसेसरांची यादी पाहताना बोर्डाचे नावच नव्हे तर त्यावर छापलेला आवृत्ती क्रमांकही जुळवून पाहावा. स्वस्त बोर्डांवर वीजनियमनाचे घटक मोजकेच आणि उष्णताशोषकाविना असतात. त्यांवर आठ गाभ्यांच्या प्रोसेसरपेक्षा सहा गाभ्यांचा बसवणे शहाणपणाचे.

पहिल्या संगणकाच्या मालकाला बोर्ड बदलण्यावाचून गत्यंतर नाही, पण त्यालाही मेमरी वाचवता येते. एएमडीचा २०२२ सालचा एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ मेमरी स्वीकारतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड मात्र डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले. डीडीआर४चा बोर्ड आणि कोअर आय३-१२१०० एफ किंवा आय५-१२४०० एफ ही जोडी घेतल्यास जुन्या पट्ट्या तशाच वापरता येतात. नावातील 'एफ' म्हणजे या प्रोसेसरात अंगभूत ग्राफिक्स नाही. कार्ड दुरुस्तीला गेले तर असा संगणक पडद्यावर काहीही दाखवू शकत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले. तेव्हापासून घरातल्या डीडीआर४ पट्ट्या राखून ठेवण्याला पूर्वीपेक्षा अधिक मोल आले आहे.

ग्राफिक्स कार्ड

बहुतेक जुन्या गेमिंग संगणकांत सर्वाधिक फरक पाडणारा आणि सर्वाधिक पैसे खाणारा भाग हाच. ते निवडताना केवळ चाचण्यांतील फ्रेमची संख्या पाहणे पुरेसे नाही, कारण त्या चाचण्या बहुधा नव्या प्रोसेसरवर आणि नव्या मदरबोर्डावर घेतलेल्या असतात. जुन्या बोर्डावर तेच कार्ड वेगळे वागू शकते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये आलेले एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी. अल्प किमतीच्या गटातील हे कार्ड जुन्या संगणकांच्या मालकांना आकर्षक वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच मार्गिका आहेत. चौथ्या आवृत्तीच्या बोर्डावर त्यांतून सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट माहिती वाहते, तर तिसऱ्या आवृत्तीच्या जुन्या बोर्डावर ४. कार्डाची स्वतःची मेमरी ४ गिगाबाइट एवढीच असल्याने ती वारंवार भरते, माहिती या अरुंद वाटेने मुख्य मेमरीतून आणावी लागते आणि वेग कोसळतो. म्हणजे ज्या संगणकांना या कार्डाची गरज, त्यांवरच ते सर्वांत वाईट चालते. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० या कार्डांना आठ मार्गिका आणि ८ गिगाबाइट मेमरी आहे. जुन्या बोर्डावर त्यांचे नुकसान पुष्कळ कमी होते. २०२१ सालच्या आरटीएक्स ३०६० च्या १२ गिगाबाइटच्या आवृत्तीला सोळा मार्गिका आहेत आणि म्हणून ती जुन्या बोर्डांना अधिक मानवते.

इंटेलची आर्क कार्डे किमतीच्या मानाने चांगली असली तरी ती 'रिसायझेबल बार' या सुविधेवर फार अवलंबून असतात. या सुविधेमुळे प्रोसेसरला कार्डाची संपूर्ण मेमरी एकाच वेळी हाताळता येते. इंटेलची दहावी पिढी किंवा रायझन ३००० यांच्या आधीच्या संगणकांत ती अधिकृतपणे मिळत नाही, आणि तिच्याविना ही कार्डे अडखळतात. वर वर्णिलेल्या दोन्ही संगणकांसाठी, प्रोसेसर न बदलता, आर्क कार्ड सुचवणे योग्य होणार नाही.

दुसरा विचार कार्डाच्या वयाचा. ॲलन वेक २ हा ऑक्टोबर २०२३ मधील खेळ 'मेश शेडर' या तंत्रावर बेतलेला होता आणि ते नसलेल्या जीटीएक्स १० मालिकेवर सुरुवातीला तो अत्यंत संथ चालला. पुढे एका सुधारणेने परिस्थिती काहीशी सावरली. डिसेंबर २०२४ मधील इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल या खेळाला तर किरण-अनुरेखनाची, म्हणजे रे ट्रेसिंगची, यंत्रणा असलेले कार्ड अनिवार्यच आहे. जुन्या बाजारात जीटीएक्स १०८० टीआय हे एके काळचे बलाढ्य कार्ड स्वस्तात मिळते, परंतु ते असे खेळ सुरूच करू शकत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने या मालिकेसाठी खेळांना अनुकूल नवे ड्रायव्हर देणे थांबवून केवळ सुरक्षाविषयक सुधारणा चालू ठेवल्या आहेत. जुनेच खेळ खेळायचे असतील तर ते कार्ड आजही उत्तम आहे.

कार्ड बदलणे शक्यच नसेल तर चित्र लहान आकारात रेखाटून मोठे करण्याच्या तंत्राचा आधार घेता येतो. एनव्हिडियाचे डीएलएसएस त्यासाठी आरटीएक्स कार्ड मागते. एएमडीने जून २०२१ मध्ये आणलेले एफएसआर आणि त्याच्या लगतच्या आवृत्त्या मात्र प्रतिस्पर्धी कंपनीच्या जुन्या कार्डांवरही चालतात. चित्राची धार थोडी बोथट होते, पण खर्च शून्य. प्रोसेसर अडथळा असेल तेथे मात्र हे तंत्र निरुपयोगी. ते ग्राफिक्स कार्डाचेच ओझे हलके करते.

मेमरी आणि साठवण

जुन्या संगणकांत अनेकदा ८ गिगाबाइटची एकच पट्टी आढळते. मदरबोर्ड दोन पट्ट्यांशी एकाच वेळी बोलू शकतो. डीडीआर४-२४०० च्या एका पट्टीतून सेकंदाला १९.२ गिगाबाइट माहिती मिळते, तर दोन पट्ट्यांतून सैद्धांतिक ३८.४. म्हणून दुसरी ८ गिगाबाइटची पट्टी घातल्याने क्षमता आणि वाहतूक दोन्ही दुप्पट होतात. चार खाचांच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवण्याचा प्रघात आहे. बोर्डाच्या पुस्तिकेत ते दिलेले असते. ३२०० च्या वेगाची मेमरी घेऊनही बायोसमधील एक्सएमपी हा पर्याय सुरू केला नाही, तर ती बहुधा २१३३ किंवा २४०० च्या वेगानेच चालत राहते. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा दैनंदिन वापरात सर्वांत जाणवणारा बदल. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला अर्धा फेरा घ्यायलाच ४ मिलिसेकंदांहून अधिक लागतात, आणि वाचक डोके योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ वेगळाच. एसएसडीला फिरणारे काही नसल्याने हा विलंब मिलिसेकंदाच्या अंशावर येतो. फ्रेमची संख्या त्यामुळे वाढत नाही. मात्र बाल्डर्स गेट ३ आणि स्टारफील्ड या २०२३ मधील खेळांनी किमान आवश्यकतांतच एसएसडीचा समावेश केला आहे. जुन्या बोर्डावर एम.२ खाच नसेल तर साटा जोडणीची एसएसडीही पुरेशी आहे; तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत मर्यादित असला तरी हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला तो फरक प्रचंड वाटतो. जुनी डिस्क चित्रपट व छायाचित्रांसाठी तशीच ठेवता येते.

वीजपुरवठा

ज्या भागाने एकही फ्रेम वाढत नाही त्यावर पैसे घालणे जिवावर येते, आणि म्हणूनच वीजपुरवठा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. पेटीसोबत फुकट आलेल्या पुरवठ्यावर छापलेला '५०० वॅट' हा आकडा फसवा असू शकतो. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. लेबलवर त्या वाहिनीचे अँपिअर किती लिहिले आहेत ते पाहून त्याला १२ ने गुणावे. ३० अँपिअर असतील तर उपयोगाचे वॅट ३६०च होत. '८० प्लस' ही खूण पुरवठ्याची ऊर्जाकार्यक्षमता सांगते, त्याच्या संरक्षक मंडलांची गुणवत्ता नव्हे.

प्रत्यक्ष गरज मात्र समजली जाते तेवढी मोठी नसते. रायझन ५ ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट घेतो, आरएक्स ६६०० कार्ड सुमारे १३२. बाकीचे भाग धरूनही बेरीज ३०० च्या आत राहते. चांगल्या दर्जाचा ४५० वॅटचा पुरवठा यास पुरेसा आहे. पीसीआय एक्सप्रेसची खाच स्वतः ७५ वॅट देते, म्हणून जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० यांसारखी कार्डे अनेकदा वेगळ्या वायरीविना चालतात. कार्यालयांतून निघालेले नामांकित कंपन्यांचे संगणक स्वस्तात घेऊन त्यांत असे कार्ड घालण्याची युक्ती यावरच आधारलेली आहे. मात्र त्यांतील अनेकांचे बोर्ड व वीजपुरवठे एटीएक्स मानकाचे नसल्याने पुढचे अद्ययावतीकरण तेथेच खुंटते.

एक गोष्ट टाळावीच. आठ पिनांची वायर नसलेल्या पुरवठ्याला साटाची वायर जोडून कार्ड चालवणारे कनेक्टर बाजारात मिळतात. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनवलेला असतो आणि आठ पिनांच्या कनेक्टरकडून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकते. अशा जोडणीत प्लास्टिक वितळण्याचा आणि आग लागण्याचा धोका असतो. तसेच सुट्या वायरींच्या एका पुरवठ्याच्या वायरी दुसऱ्याला लावू नयेत. पुरवठ्याच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक निर्मात्याची वेगळी असल्याने डिस्क किंवा बोर्ड जळू शकतो.

उष्णता आणि धूळ

धूळ साचलेला उष्णताशोषक आणि वाळलेली थर्मल पेस्ट यांमुळे प्रोसेसर तापतो व स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अर्धा तास चांगला चाललेला खेळ नंतर मंदावत असेल तर प्रथम हेच तपासावे. पंखे साफ करणे आणि पेस्ट बदलणे एवढ्यानेच काही संगणक मूळ वेगावर येतात. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते गरागरा फिरून त्याचे बेअरिंग बिघडू शकते.

जुन्या भागांचा बाजार

मर्यादित अंदाजपत्रकात वापरलेले भाग घेणे अपरिहार्य ठरते. भारतात संगणकाच्या नव्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो, हेही त्याचे एक कारण. मुंबईत ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीतील नेहरू प्लेस ही अशा खरेदीची जुनी ठिकाणे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी खनन पद्धत सोडल्यावर वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. खननातले कार्ड वाईटच असते असे नाही. स्थिर तापमानात अखंड चाललेली चिप सहसा टिकते, झिजतात ते पंखे आणि मेमरीवरील उष्णतावाहक पट्ट्या.

नावांतील बारकावे येथे महाग पडतात. जीटीएक्स १०६० च्या ३ व ६ गिगाबाइटच्या आवृत्त्यांत फरक केवळ मेमरीचा नाही, पहिलीत गणक गाभेही ११५२ आणि दुसरीत १२८० आहेत. आरएक्स ५८० च्या नावाने २३०४ ऐवजी २०४८ गाभ्यांची कार्डेही विकली जातात. नाव बदललेली बनावट कार्डे जीपीयू-झेड या विनामूल्य साधनाने बहुधा उघडी पडतात. पैसे देण्यापूर्वी कार्ड किमान वीस मिनिटे पूर्ण भारावर चालवून पाहावे, आणि विक्रेता त्यास तयार नसेल तर व्यवहार सोडून द्यावा. प्रोसेसर आणि मेमरी वापरलेली घेण्यास हरकत नसते, कारण ती एकतर चालते किंवा चालत नाही. वीजपुरवठा मात्र नवाच घ्यावा.

ऑपरेटिंग सिस्टीमची अट

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपवला. नोंदणी केलेल्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षाविषयक सुधारणांसाठी आणखी एक वर्ष देण्यात आले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि साधारणतः इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका व त्यापुढील प्रोसेसर लागतो. वर वर्णिलेले २०१७ चे दोन्ही संगणक मूळ स्थितीत या अटीत बसत नाहीत. एएम४ बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवताच मात्र तो संगणक पात्र ठरतो, कारण टीपीएमची सोय प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच असते. इंटेलच्या संगणकाला आय७-७७०० घालूनही ही पात्रता मिळत नाही. लिनक्स हा पर्याय व्हॉल्व्हने २०१८ साली आणलेल्या प्रोटॉनमुळे व्यवहार्य झाला असला, तरी व्हॅलोरंटसारखे फसवणूकविरोधी यंत्रणा प्रणालीच्या गाभ्यात बसवणारे ऑनलाइन खेळ त्यावर चालत नाहीत.

खर्चाचा क्रम

साफसफाई, सेटिंग आणि मोजणी यांना पैसे लागत नाहीत, म्हणून ती आधी. त्यानंतर मेमरीची दुसरी पट्टी आणि एसएसडी. हे दोन्ही भाग पुढच्या संगणकातही नेता येण्याची शक्यता असते. मग ग्राफिक्स कार्ड आणि गरज असल्यास त्यासोबतच वीजपुरवठा. प्रोसेसर त्याच सॉकेटवर बदलता येत असेल तर तो कार्डाच्या आधीही घेता येतो, मात्र मदरबोर्ड व मेमरीसह बदलावा लागत असेल तर थांबून पैसे साठवणे बरे. नवा मॉनिटर शेवटी: १०८० वरून २५६० × १४४० वर गेल्यास बिंदूंची संख्या सुमारे १.८ पट होते आणि काल पुरेसे वाटलेले कार्ड आज अपुरे पडते. सर्व भागांची बेरीज नव्या संगणकाच्या निम्म्या किमतीपलीकडे जाऊ लागली, की जुन्या संगणकात आणखी पैसे घालण्याचे समर्थन करणे कठीण होते.

काढलेले भाग विकण्याआधी डिस्कवरील माहिती पूर्णपणे पुसावी; फाइल नुसती डिलीट केल्याने ती नष्ट होत नाही. विकले न जाणारे भाग भंगारात न देता अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार अशा कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे.